परार्धाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. उत्तरेकडच्या हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सोडाला वस्तीतल्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. गणिताचे प्राध्यापक पंढरीनाथ यांनी मग स्वतःच्या हाताने माझ्यावर मोठ्या संख्यांची नावे रंगवली. एकं, दहं, शतंपासून सुरुवात. पुढे कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सर्वांत शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये!

त्याच शहरातल्या राजा पार्क वस्तीत, सरांच्या घरच्या बैठकीत मी मानाने टांगलेला असे. आल्यागेल्याला सर हौसेने सांगत, "प्रकाश वर्षभरात साडेनऊ महापद्म किलोमीटर धावतो. एवढं अंतर, पण आपल्याकडे शब्द तयार आहे बघा!" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने पाहत. मला फार बरे वाटे.

एकदा सरांची नात कादंबरी तिच्या हिंदी माध्यमाच्या शाळेतून रडत आली. परीक्षेत 'खरब'पुढे तिने दहा शून्ये दिली होती. मराठीतल्या खर्वाला दहा असतात, पण हिंदीतल्या खरबला अकरा. उत्तर चुकले.

"बाबा, तिला उगाच गोंधळात पाडू नका," सरांचा मुलगा अनिमेष चिडून म्हणाला.

"अरे, आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत. मी समजावतो ना तिला."

"नको. शाळेत शिकवतात तेवढं पुरे."

त्याने मला खिळ्यावरून उतरवले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर या घरात मोठ्या संख्यांचा विषय कधी निघाला नाही. माझ्यावर धूळ साचत गेली.

पुढे सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. तपासायला येणाऱ्या डॉक्टर सुधाताई म्हणाल्या, "लहानपणी पाठ केलेलं कधीकधी टिकून राहतं. तसलं काही म्हणवून बघा."

"पप्पा, आजोबांचा फळा काढा ना," कादंबरी चटकन म्हणाली.

अनिमेषने मला खाली आणले. बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. सरांनी मला पाहिले आणि त्यांचे ओठ हलले. "एकं... दहं... शतं..." अडखळत, दम खात ते थेट परार्धापर्यंत पोहोचले! अनिमेषला रडू आवरेना.

कादंबरी आजोबांना बिलगून बसली. "आजोबा, मतलब... परार्ध एवढा मोठा, तो लागतो कशाला?"

सरांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची त्यांनी किती वाट पाहिली होती! सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले.

"एकं," ते म्हणाले. "दहं..."

पाठ केलेलेच तेवढे तोंडातून निघते आहे, हे त्यांचे त्यांनाच कळले. ते थांबले आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. अनिमेष त्यांच्या पायाशी बसून राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या ज्यांनी घडवल्या, ती माणसे बोलती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा. माझ्याजवळ नुसती नावे आहेत. ती कशासाठी, हे मला सांगता येत नाही.