कोणी राहिलं का?

आमच्या मानववंशशास्त्र विभागाचं नवं माहितीपत्रक छापून आलं. त्यात आम्हा शिक्षकांची नावं आणि पुढे प्रत्येकाचा संशोधनाचा विषय. विभागप्रमुख कल्लाप्पा : आदिवासींचे आठवडी बाजार. कृष्णाजी : कवटीची मापं. आणि मी, नयना : नातेसंबंध. कल्लाप्पांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "गंमत बघा, घरी एकटा जीव आणि विषय नातेसंबंध!" सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कोणाला? लग्न केलं नाही, आईवडील मिरजेतच वारले, भावंड कधी नव्हतंच. पण म्हणून या माणसाने दरवर्षी तोच विनोद करायचा? स्वतः बाजारांवर पुस्तकं लिहितो आणि घरी किडकी वांगी घेऊन जातो. विचारा त्याच्या बायकोला.

विनोद संपल्यावर खरी बातमी सांगितली. पुढच्या वर्षापासून नातेसंबंधांचा पेपर बंद. मुलांना आता कॉम्प्युटर हवा, विकास हवा, चुलत-मावस कोणाला हवंय! मला ग्रामविकासाचा पेपर मिळणार. मी म्हटलं, सरी, म्हणजे इथल्या कन्नडात बरं. दुसरं काय म्हणणार, डोंबल?

पेपर जाण्याचं दुःख होतंच, नाही कशाला म्हणू. पण त्या पेपराबरोबर गोजराबाईंची प्रात्यक्षिक परीक्षाही जाणार, हे मला जास्त लागलं.

ही परीक्षा अशी. एक बाहेरचं माणूस बोलवायचं, मुलांनी त्याला घरच्यांची नावं विचारायची आणि वंशावळ काढायची. बाईला वर्तुळ, पुरुषाला त्रिकोण, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. गोजराबाई म्हणजे इथल्या चिकपेटेतलं जुनं शिंप्यांचं घर, गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, मराठीत निम्मी कन्नड. माणसं इतकी की मोठा कागदही पुरत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या, आणि मग दरवर्षी त्याच. अंगावर जरीची साडी, हातात पानाचा डबा, परीक्षा त्यांचीच असल्यासारखा रुबाब.

हळूहळू मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी एक शंका विचारायला, मग गौरीच्या जेवणाला, मग काहीच कारण नसताना. मी त्यांना अक्का म्हणते. मला टायफॉइड झाला तेव्हा ही बाई रोज डबा घेऊन माझ्या के. आर. पुरमच्या खोलीवर यायची, दोन बस बदलून. डोक्यावर हात ठेवायची आणि वर एरवीचं अहो-जाहो सोडून शिव्याही द्यायची, "स्वल्प तरी खा गं, काटकी!" तसं मला आईनंतर कोणी बोललं नव्हतं.

मी मुलांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावते. वंशावळ पूर्ण झाली असं वाटलं की शेवटी विचारायचं, "कोणी राहिलं का?" कारण माणसं विसरतात. बिनलग्नाची आत्या विसरतात, पाळण्यातच गेलेलं मूल विसरतात. दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतं, आणि दरवर्षी मी कोपऱ्यात परीक्षक म्हणून बसलेली, कान टवकारून. अक्का डोळे मिटतात, बोटांवर सगळ्यांना मोजतात आणि म्हणतात, "नाही. झाले सगळे." मला वाटायचं, पुढच्या वर्षी माझं नाव घेतील. वेडेपणा आहे, कळतं मला. पण वाटायचं खरं.

आता पुढचं वर्षच नव्हतं. त्या दिवशी मी अक्कांनीच दिलेली इरकल नेसून गेले. आठवण करून द्यायची नव्हती असं खोटं कशाला बोलू? करून द्यायचीच होती.

परीक्षा छान चालली. पुण्याहून आलेली शमिका नावाची मुलगी चुणचुणीत होती. वडील सॉफ्टवेअरमध्ये, ही मात्र हट्टाने आमच्याकडे आलेली. तिने एकेक सून, एकेक व्याही नीट काढून घेतले. शेवटी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "आजी, कोणी राहिलं का?"

अक्कांनी डोळे मिटले. बोटं मोजली. मग डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी इरकलीचा पदर सारखा केला, या वयात!

"नाही," त्या म्हणाल्या. "झाले सगळे."

मी खिडकीबाहेर बघत बसले. राग आला. रडूही आलं, ते गिळलं.

नंतर त्यांना ऑटोपर्यंत पोचवायला गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एकदा तरी माझं नाव घ्यायचं होतंत. मी कोणीच नाही का तुमची?"

त्या एकदम थांबल्या. "अय्यो! काय बोलता हे? तुमचं नाव कसं घेऊ? पहिल्या वर्षी मी शेजारच्या चंपाला बहीण म्हणून सांगितलं, आठवतंय? ती मानलेली निघाली म्हणून तुम्ही कागद काढणाऱ्या पोरीचे मार्क कापलेत. बाहेर जिन्यात रडत होती बिचारी. मला म्हणालात, रक्ताचं आणि लग्नाचं तेवढंच सांगायचं, बाकी चूक. तेव्हापासून मी जपून सांगते. दरवर्षी तुम्ही ओठावर येता, दरवर्षी गिळते. पोरांचं नुकसान कशाला?"

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"असं करू," अक्का आत बसत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही मार्क कापू नका, मी सांगते."

"पुढच्या वर्षी ही परीक्षाच नाही, अक्का."

त्यांनी माझा हात धरला, काहीतरी म्हणाल्याही, पण ऑटो निघाली होती.

मी वर आले. सगळे घरी गेले होते. दिवा लावून कागद तपासायला घेतले. शमिकाचा कागद सगळ्यांत वर होता. स्वच्छ, नेटका, एकही वर्तुळ जास्त नाही. दुसरा तसाच. तिसराही तसाच. मी शिकवलं होतं तसंच सगळ्यांनी केलं होतं. कुठे एक मार्क कापायला जागा सापडेना.

सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.