भिंतीवरची फवारणी

“वावरातली बुरशी मरते, तं भितीवरची काऊन नाही मरणार?” असं आईला सांगत मोतीराम फवारणीचा पंप पाठीला लावूनच घरात शिरला. अंगणात पत्र्याखाली भांडी घासणाऱ्या संजीवनीला ते ऐकू गेलं असतं, तर तिनं नवऱ्याला दारातच अडवलं असतं. पण पावसाची झड अशी, की शेजारचा ओरडला तरी कळू नये.

धाड गावाला आठवडाभर ऊन नव्हतं. न्हाणीचं पाणी मुरून आतली भिंत काळी पडली होती आणि तिच्याजवळ झोळीत झोपणारी तान्ही अर्पिता खोकून खोकून लाल व्हायची. सासूनं, अन्नपूर्णाबाईनं, डागांवर दोनदा चुना फासला. काळं पुन्हा वर आलं. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे, काढून टाका. बुरशी म्हटल्यावर मोतीरामला मिरचीच्या औषधाची बाटली आठवली. शेतकऱ्याच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय!

वास आला तसं संजीवनीच्या हातातलं पातेलं गळून पडलं. वावरातल्या औषधाचा वास, आणि तो घरातून येत होता.

ती आत धावली. घरभर उग्र धुकं दाटलं होतं.

“खिडक्या काऊन लावल्या?”

“वाऱ्यानं औषध उडते ना!” मोतीराम जीव लावून कानाकोपरा भिजवत होता. “पोरीच्या झोळीवर लुगडं टाकलं म्या. भेऊ नोको.”

झोळीतून आवाज नव्हता. संजीवनीनं लेकीला उचललं आणि ती भर पावसात पळाली. अर्पिताचे डोळे मिटलेले, अंग सैल.

“रड माय, रड ना वं!” ती तिची पाठ चोळत राहिली. मग पोरगी खोकली, आणि मोठ्यानं रडली. संजीवनी तिथंच चिखलात बसली.

जीप करून बुलढाण्याला नेलं. रात्रभर ती लेकीच्या छातीला कान लावून होती. सकाळी डॉक्टरीणबाईंनी मोतीरामला समोर उभं करून बजावलं. पिकाचं औषध घरात मारायचं नाही. लेकरू बाहेर, खिडक्या उघड्या, तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि सगळं साबणाच्या पाण्यानं धुवायचं. आधी ओल कुठून येते ते बंद करा, नाहीतर भिंत पुन्हा काळी होणार.

गावात उतरल्यावर संजीवनी घरी न जाता शेजारच्या कौशल्याबाईकडे गेली. सासू मागोमाग आली.

“लेकराले घेऊन घरी चाल. लोकं काय म्हणतीन?”

“म्हनू द्या. भीत धुतल्याबिगर, वाळल्याबिगर माही लेक त्या घरात येत नाही.” सासूला नाही म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

मोतीरामनं न्हाणी फोडली, पाण्याला बाहेर चर काढला, अंथरूण-पांघरूण धुतलं, आणि फडकं बांधून दिवसभर भिंत घासली. संध्याकाळी तो कौशल्याबाईच्या ओट्याशी आला. बाप दिसताच अर्पिता झेपावली. त्यानं हात पुढे केले. संजीवनीची मिठी काही सुटेना.

“आधी आंग धुवा,” ती म्हणाली.

न्हाणी तर फोडलेली. मोतीराम पावसातच अंगणातल्या दगडावर बसला आणि बादलीतल्या थंड पाण्यानं अंग घासू लागला. बराच वेळ झाला. पोरगी बापाकडे हात करून कुरकुरायला लागली.

“बस झालं आता, या,” संजीवनीनं हाक मारली.

तरी तो घासतच होता.