फितीची वरची कड

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीच्या वरच्या काचेवर दुधात पाणी घातल्यासारखा एक फिकट पट्टा उमटतो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो. जणू आत यावे की नाही, हे त्याचे ठरत नसते. मग तो पडद्याच्या घड्यांवरून खाली उतरतो, टेबलावरच्या पेन्सिलींच्या डब्याला वळसा घालतो, रात्रीच्या कपात सुकलेल्या चहाच्या कड्यावर क्षणभर थांबतो आणि फरशीवर पसरतो. त्या उजेडात धूळ तरंगताना दिसते. ती कुठून येत नाही, कुठे जात नाही. उजेड मात्र सरकत राहतो. कपाटाच्या पायाशी येतो, पहिल्या फळीवर चढतो आणि सर्वांत शेवटी माझ्यावर येऊन टेकतो. त्यात वाईट असे काही नाही. रोजचाच तो उजेड. पण आज तो माझ्यापर्यंत पोचूच नये, असे मला वाटत होते. तो पोचला की घर जागे होते, आणि आज घर जागे झाल्यावर मला बोलावे लागणार होते.

मित्रांनो, त्या फळीवरचा जुना व्हीसीआर तो मीच. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल. वहीएवढी कॅसेट गिळायची, तिच्यातली तपकिरी फीत बाहेर ओढून घ्यायची आणि तिच्यावरचे चित्र व आवाज टीव्हीच्या हवाली करायचे, हे माझे काम. चित्र फितीच्या मधल्या रुंद भागात तिरक्या रेघांनी बसते. आवाज मात्र अगदी वरच्या कडेने, नखाच्या कोरीएवढ्या वाटेवरून चालतो. एवढे ध्यानात ठेवा. मी ते विसरण्याचा फार प्रयत्न केला.

मी या घरात आलो तेव्हा नवाकोरा होतो. आईने माझे मोजमाप घेऊन क्रोशाचा एक जाड रुमाल विणला आणि माझ्यावर घातला. मी चालू असलो तरी तो निघत नसे. "धूळ बसते," ती म्हणायची, "महागाची वस्तू आहे." मला त्या मायेची ऊब वाटे. ऊब, मित्रांनो. हाही शब्द ध्यानात ठेवा.

एक दिवस बाबांच्या ऑफिसातल्या मित्राने जपानहून एक कॅसेट आणून दिली. तिच्यावरची अक्षरे घरात कुणालाच वाचता येईनात. बाबा म्हणाले, "उलटी धरली असेल." सरळ धरून पाहिली, तरी तीच गत. ती मी गिळली आणि पडद्यावर एक बेट उगवले. त्या बेटावरचा वारा नाहीसा झाला होता. गवत ताठ उभे होते, शिडे लोंबत होती, आणि हाताने रंगवलेली एक लहान मुलगी एका लंगड्या बगळ्याला सोबत घेऊन वारा शोधायला निघाली होती. घरातला धाकटा टीव्हीच्या इतका जवळ सरकला की त्याच्या श्वासाने काच धुरकटली.

"ताई, ती काय म्हणतेय?"

"ती म्हणतेय, धाकट्या भावाने तोंड बंद ठेवलं तर मी गोष्ट सांगीन."

ताईला जपानी ओ की ठो कळत नव्हते. पण तिने ओठांची हालचाल पाहून अख्खा चित्रपट रचला. मुलीला तिने स्वतःचा आवाज दिला आणि बगळ्याला मावशीचा. मुलगी दमून खडकावर बसली की बगळा कावून म्हणायचा, "चल गं बये, वारा काय घरपोच येणार आहे?" धाकटा हसून लोळायचा आणि पुन्हा लावायला सांगायचा.

रोज रोज बोलून ताईचा घसा बसला, तेव्हा तिने माझे एक बटण शोधून काढले. चित्राला धक्का न लावता नुसता नवा आवाज भरण्याचे ते बटण होते. तिने मायक्रोफोन जोडला आणि घराला दम दिला, "आता कुणी शिंकायचंसुद्धा नाही!"

"अगं, पण दाराची बेल वाजली तर?" आईने विचारले.

"तर ती पण जपानी समजायची."

बेल वाजलीच. वारा सापडतो त्या प्रसंगात ती कायमची बसली. सुरुवातीपासून शेवटच्या "संपलं, आता उठा, पाय मोकळे करा" पर्यंत सगळी ताई त्या नखाच्या कोरीएवढ्या वाटेवर उतरली. आधीचा जपानी आवाज पुसला गेला. त्याचे कुणालाच वाईट वाटले नाही.

ते माझे सुखाचे दिवस. धाकटा मला मध्येच थांबवून पडद्यावरचे गवत वहीत उतरवू लागला. मग दुसऱ्या जपानी चित्रपटांच्या कॅसेटी आल्या, पुढे तबकड्या आल्या. भिंतीवर ढगांची चित्रे चढली. लाजाळू पोरगा, चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण जपानी चित्रपटात पाऊस थांबल्यावर पागोळ्या कशा गळतात, यावर ताईशी तासभर भांडायचा. मोठा झाल्यावर तो अॅनिमेशन चित्रपटांसाठी मधली चित्रे काढू लागला. हात उचलला आणि हात टेकला, या दोहोंच्या मधली. जपानीही थोडेफार शिकला. एकदा त्याने त्याच चित्रपटाची मूळ आवाजातली तबकडी आणून पाहिली. खरा बगळा जवळजवळ मुकाच होता. त्याने तबकडी काढून ठेवली आणि पुन्हा मला चालू केले.

ताई लग्न होऊन गेली. नंतर बाळंतपणासाठी म्हणून दवाखान्यात गेली, ती आलीच नाही. आली ती तिची मुलगी, दुपट्यात गुंडाळलेली. ती आता वडिलांजवळ दुसऱ्या गावी वाढते आहे. आईच्या आवाजाची म्हणून तिच्याजवळ एकच खूण आहे. फोनमधल्या एका तुकड्यात ताई तोंडापुढे हात धरून म्हणते, "बंद कर ना ते, माझा अवतार बघ." एवढेच. तेव्हा मामाने तिला फोनवर शब्द दिला होता, "इकडे आलीस की आईला भरपूर ऐकवीन. पूर्ण पिक्चरभर बोलते ती."

दर रविवारी सकाळी तो मला चालू करी. माझ्यावर रुमाल असेच. त्या उबेत माझ्या आतला रबरी रूळ हळूहळू कडक होत गेला. त्याची पकड सुटली की फीत अंगुळभर नव्हे, केसभर वर सरकते, आणि तिची वरची कड दुमडते. एकदा घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने रुमाल दोन बोटांनी उचलून पाहिला. "याला श्वास तरी घेऊ द्या हो! आणि कॅसेटची कॉपी काढून घ्या. आवाज कडेला असतो, आधी तोच जातो."

"पुढच्या आठवड्यात," धाकटा म्हणाला. तो दुरुस्तीवाला गेल्यावर आईने रुमाल झटकून पुन्हा माझ्यावर घातला.

पुढचा आठवडा आला नाही. कॅसेट दुकानात द्यायची, तर दुकानदार ती लावून पाहणार. पाहिल्यावर आवाजाबद्दल काहीतरी बोलणार. धाकट्याला ते ऐकायचे नव्हते. त्यानंतरच्या रविवारपासून बगळ्याचा आवाज जरासा खरखरला. घसा बसला असेल, मी स्वतःला म्हटले. मग खडकावरचे बोलणे पुसट झाले. मग ती बेल गेली. एका सकाळी स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "अरे, आवाज वाढव की जरा!"

"मोठाच आहे, आई."

तिने नळ बंद करून पुन्हा कान दिला. मग ती म्हणाली, "माझेच कान गेले वाटतं." त्याने तिला तसे वाटू दिले. तो बगळ्याची वाक्ये तोंडातल्या तोंडात म्हणू लागला; आधी ताईच्या बरोबरीने, मग तिच्या थोडे पुढे.

आज उजेड माझ्यावर टेकला आणि दाराची बेल वाजली. समोरचा एक दात पडलेली ताईची मुलगी बूटही न काढता माझ्यापुढे येऊन बसली.

"मामा, यात पण आई 'बंद कर' म्हणते का?"

"नाही गं. इथे तिला बोलायचंच होतं. कुणी गप्प करू शकलं नाही."

त्याने रुमाल काढून बाजूला ठेवला. मी कॅसेट गिळली. मित्रांनो, त्या क्षणी मला दात असते तर मी ते घट्ट मिटून घेतले असते. बेट उगवले. ताठ गवत, लोंबती शिडे, सारे रंग जसेच्या तसे. पडद्यावरच्या मुलीने ओठ हलवले. आणि माझ्यासमोरून धाकट्याचा आवाज निघाला. तोच चढ, तोच उतार, श्वास घेण्याच्या जागासुद्धा त्याच. त्याने एकही शब्द चुकवला नाही. भाची पडद्याकडे पाहत होती. मग ती मामाच्या तोंडाकडे पाहू लागली.

तुम्हाला सांगण्यासारखे माझ्यापाशी एवढेच आहे. एखादी वस्तू झाकून ठेवली म्हणजे ती जपली, असे होत नाही. तिची विचारपूस करावी लागते. ती बोलते आहे का, हे कान देऊन ऐकावे लागते. आणि भीती वाटते त्याच दिवशी ऐकावे लागते. तुमच्या घरातही अशी एखादी फीत, एखादा डबा, एखादे माणूस असेल. पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

पडद्यावर मुलगी खडकावर बसली. "चल गं बये," मामाने सुरुवात केली.

"मामा, तू नको ना बोलूस," भाची हळूच म्हणाली. "आईला बोलू दे."

तो थांबला. बगळ्याने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खोलीत वाळू चाळल्यासारखी खरखर तेवढी होती. धाकट्याची आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती कुणाकडेही न पाहता म्हणाली, "डॉक्टरला दाखवले होते मी कान. ठणठणीत आहेत म्हणाला."

धाकट्याने मला बंद केले नाही. चित्रपट शेवटपर्यंत चालला.

त्या फितीवर ताईचा आवाज नव्हता.