मधली आठ उलटी पानं

हुश्श! मित्रांनो, आज सकाळी बाइंडरकाकांच्या दुकानातून मी सहीसलामत परत आलो आणि आता कुठे माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही म्हणाल, पुस्तकाला कसली आली आहे भीती? पण हातात पक्कड घेऊन कोणी तुमच्या पाठीतल्या पिना उपटायला बसलं, की मग मला विचारा.

आधी ओळख करून देतो. मी शाळेच्या वाचनालयातलं चोवीस पानांचं चित्रांचं पुस्तक आहे. वयाने बराच मोठा, अंगाने बारीक. माझं नाव ‘सगळ्यांचं एकच पांघरूण’. माझ्या गोष्टीत एक पाणघोडा आहे, एक जिराफ, एक अस्वल आणि एक साळिंदर. थंडी कडाक्याची आणि चौघांत पांघरूण एकच. साळिंदराच्या काट्यांनी त्याला भोकं पडतात, म्हणून बाकीचे तिघं त्याला बाहेर हाकलतात. मग पाणघोडा घोरायला लागतो आणि त्याच्या घोरण्याने पांघरूण उडून जातं. कधी झाडावर, कधी नदीत, एकदा तर थेट जिराफाच्या मानेभोवती. शेवटी तिघंही नाक मुठीत धरून साळिंदराला परत बोलावतात. तो कडेला झोपतो आणि आपल्या काट्यांनी पांघरूण जमिनीला टाचून धरतो. अधूनमधून कोणीतरी ‘आई गं!’ करून ओरडतं, पण झोप सगळ्यांना लागते.

गोष्ट झकास आहे, हे मी स्वतःच सांगून टाकतो. अडचण एवढीच, की माझी मधली आठ पानं उलटी आहेत.

त्याचं असं झालं. छापखान्यात दोन मावश्या समोरासमोर बसून घड्या घातलेले कागद एकात एक सरकवत होत्या. एकीने सांगितलं, की तिचा नवरा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून नोकरीच्या मुलाखतीला गेला आणि वर साहेबालाच म्हणाला, “घरी अशीच आणखी एक जोडी आहे.” दुसरी मावशी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पदराने पुसता पुसता तिने माझा आतला कागद डोकं खाली करून आत सरकवला. वर पिना बसल्या, कडा कापल्या गेल्या. मुखपृष्ठ सरळ, शेवट सरळ. तपासणाऱ्या साहेबांनी वरवर पाहून मान डोलावली आणि मी शाळेत दाखल झालो.

पहिल्याच दिवशी बोंब झाली, “हे पुस्तक बिघडलंय!” आठ पानं नीट वाचून झाली, की पुढे पाणघोडा चारी पाय वर करून लटकलेला. आणि पानांचा क्रमही मागून पुढे. एका पठ्ठ्याने भिंतीला पाय लावून, डोक्यावर उभं राहून वाचायचा प्रयत्न केला. त्याला घेरी आली आणि मला कपाटात टाकलं गेलं. तिथे फाटक्या पुस्तकांत मी दोन वर्षं धूळ खात पडून होतो. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. माझ्यातलं एक अक्षरही पुसट नव्हतं, पण मला उघडायलाच कोणी येत नव्हतं.

मग वाचनालयाच्या ताईंनी छापखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की बिघडलेली प्रत पाठवा, चांगली देऊ. बिघडलेल्या प्रतीचं पुढे काय होतं, ते कपाटातल्या एका म्हाताऱ्या शब्दकोशाने मला समजावून सांगितलं. लगदा. खिडकीजवळच्या टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात मला ठेवलं गेलं. शनिवारी ते खोकं टपालात जाणार होतं.

त्याच आठवड्यात सोमवारी एक मुलगी टेबलाखाली वाकली. तिसरीतली. तिला वर्गात सगळे गोगलगाय म्हणायचे. मला ते नाव मुळीच आवडत नाही, पण तिचं दुसरं नाव माझ्यासमोर कोणी घेतलंच नाही. ती एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. वाक्याच्या शेवटाला पोहोचायच्या आत कोणीतरी ते पूर्ण करून टाकायचं आणि ती गप्प व्हायची. तिच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, की शनिवारी वर्गासमोर कोणतंही एक पुस्तक वाचून दाखव, नाहीतर पुढच्या सत्रापासून वाचनाच्या तासाला पहिलीत बस. बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण पहिलीत तिचा धाकटा भाऊ होता आणि त्याने आपल्या शेजारची जागा दप्तर ठेवून आधीच अडवली होती. घरी तर तो रोज विचारायचा, “ताई, तू माझ्या डाव्या बाजूला बसशील की उजव्या?”

सगळ्यांत बारीक पुस्तक शोधता शोधता तिच्या हाती मी लागलो.

खिडकीजवळच्या त्या टेबलाशी समोरच्या खुर्चीत रेडिओ बसला होता. म्हणजे तिच्याच वर्गातला मुलगा. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य तोडणं हा तर त्याचा हातखंडा. त्याच्याशेजारी कोणी बसायला तयार नसल्यामुळे त्याची रवानगी तिथे झाली होती. तिने मला टेबलावर ठेवताच त्याने मला स्वतःकडे फिरवलं आणि पहिली आठ पानं एका दमात घडाघडा वाचून टाकली. पान उलटलं आणि तो थबकला.

“अरे! हे तर उलटं आहे.”

तो मला फिरवायला गेला, तेवढ्यात तिने माझ्यावर तळहात दाबून धरला.

“थांब ना. माझ्या बाजूने सरळ आहे.”

तिने पानांचे आकडे पाहिले. समोर सोळा होता. तिने सावकाश चारदा पान उलटलं आणि नऊ शोधून काढला. तिथून मागे मागे येत गेलं, की गोष्ट नीट पुढे जाते, हे आजवर मला उघडलेल्या मुलांपैकी एकालाही कळलं नव्हतं. हिला कळलं, कारण हिला घाई नव्हती.

तिने बोट ठेवलं. “पा... पाण... घोडा... घो...”

रेडिओने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच्या बाजूने सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती! पुढे काय आहे ते त्याला दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. तो वैतागला, खुर्चीत चुळबुळला, मग हनुवटी टेबलाला टेकवून बसला. तिचं वाक्य संपलं. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, तिच्या स्वतःच्या तोंडून. ती स्वतःच चकित झाली.

“मग?” रेडिओ म्हणाला. “पुढे काय झालं? सांग ना!”

मित्रांनो, हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. ती पुढे वाचत राहिली. पांघरूण जिराफाच्या मानेत अडकलं, तेव्हा रेडिओ इतका हसला, की ताईंना टेबलावर पट्टी आपटावी लागली.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत दोघं यायचे. सुरुवात आणि शेवट त्याचा, मधली आठ पानं तिची. वाचून झालं, की मला नीट खोक्यात ठेवायचे. खोकं कुठे जाणार आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी कोणाला सांगणार?

शनिवारी ते आले तेव्हा टेबलाखाली खोकं नव्हतं. मी सुतळीने बांधलेल्या खोक्यात, शिपाईमामांच्या सायकलवर, शाळेच्या फाटकाशी पोहोचलो होतो. दोघांनी खिडकीतून ते पाहिलं असावं. अंधारात मला फक्त पळत येणारी पावलं ऐकू आली आणि मग रेडिओचा आवाज.

“मामा, मामा! तुमच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. आमच्या काकांचं चाक असंच होतं. पण त्यांची सायकल जुनी, तुमची चांगली आहे. कितीला घेतली? घंटा वाजवून दाखवता?”

मामा सायकलवरून उतरले, चाक दाबून पाहिलं, घंटाही वाजवून दाखवली. तोवर ती माझी गाठ सोडत होती. ओढाताण नाही, दात लावणं नाही. नखाने एकेक पेड मोकळा करत तिने ती सोडवली. झाकण उघडलं आणि मला उजेड दिसला. तेवढ्यात ताई फाटकाशी आल्या.

“अगं, ते परत चाललंय. बिघडलेलं पुस्तक आहे ते.”

तिने मला छातीशी धरलं. वर्गात एरवी तिचा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नसे, पण आता ती मोठ्याने म्हणाली, “ताई, ते बिघडलेलं नाही. दोघांचं आहे.”

ताई त्या दोघांच्या मागोमाग वर्गात आल्या.

बाईंच्या टेबलावर मला मधोमध ठेवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. त्याची आठ पानं झाली. तिची सुरू झाली. तिसऱ्या पानावर ती ‘घोरण्याच्या झंझावाताने’ या शब्दांशी अडली. झं... झं... मागच्या बाकांवरून कुजबूज सुरू झाली, दोघातिघांनी शब्द पुरवायला तोंड उघडलं.

“ए, गप्प बसा रे!” रेडिओ ओरडला. “मला ऐकायचंय!”

रेडिओ दुसऱ्यांना गप्प बसा म्हणतोय! अख्खा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. आणि हसू ओसरल्यावर जी शांतता झाली, तिच्यात ती सावकाश म्हणाली, “झंझावाताने.” मग सोळाव्या पानापर्यंत ती थांबली नाही. पुढची पानं पुन्हा त्याने वाचली. साळिंदराला परत बोलावलं, तेव्हा शेवटचं ‘आई गं!’ सगळा वर्ग एकसुरात ओरडला.

बाई म्हणाल्या, “तू इथेच बसायचं.” बस, एवढंच. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तिने मोठा श्वास सोडला. मीही सोडला असता, मला जमत असतं तर. धाकट्या भावाने मात्र जडावलेल्या मनाने दप्तर उचलून घेतलं.

ताईंनी सगळी हकिकत कळवल्यावर छापखान्याने पुढे एक सरळ प्रतही पाठवली. ती माझ्या शेजारीच असते, अगदी कोरी करकरीत. मला मात्र उसंत मिळत नाही. आजवर किती जोड्यांनी मला समोरासमोर बसून वाचलं, त्याची मोजदाद नाही. त्यात भांडलेल्या मैत्रिणी होत्या आणि एकदा तर बाई आणि मुख्याध्यापकसुद्धा.

अशाने माझ्या पिना ढिल्या झाल्या. परवा मला बाइंडरकाकांकडे नेलं. त्यांनी पिना काढल्या, मधला कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. “अरेरे, हे तर उलटं! चला, सरळ करून टाकू.” त्यांनी कागद उचललासुद्धा! मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात माझ्यातून एक चिठ्ठी खाली पडली. ताईंच्या अक्षरात होतं, ‘पिना नव्या घाला. मधली पानं उलटीच राहू द्या.’ काकांनी ती दोनदा वाचली, मान खाजवली आणि कागद होता तसा आत सरकवला.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला हाताळताना हात धुऊन या. कोपरे दुमडू नका. आणि समोरच्याचं वाचून होईपर्यंत माझं पान उलटू नका.