परत आलेला मिक्सर

मी चपलांच्या दुकानात नोकरी करते, परतीच्या काउंटरवर. समारंभात नाचून झिजवलेले बूट 'एकदाही घातले नाहीत हो' म्हणून परत आणणारी माणसं दिवसभर माझ्यासमोर उभी असतात. खोटं बोलणारा माणूस दारातून आत येतानाच आपल्याला ओळखू येतो, असा मला भारी गर्व होता. होता म्हणते, कारण एका केकवाल्याने तो उतरवला.

माझे सासरे मोटर वाइंडिंगचे कारागीर. मोटर जळाली की तिच्यातली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम करून हात सुधारला, पण बाबांचा त्या हातावर विश्वास काही बसेना. चहाचा कप उचलतानासुद्धा ते हाताकडे असे बघायचे, जणू तो शेजाऱ्याकडून मागून आणलाय आणि फुटला तर भरून द्यावा लागेल.

तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली. मालकाने पीठ मळायचा-फेटायचा भलामोठा मिक्सर बाबांना देऊन टाकला. मोटर जळालेली होती, तो भंगारातच घालणार होता. माझ्या नवऱ्याने आणि बेकरीवाल्याने तो धापा टाकत वर आणला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. पुढचे तीन आठवडे आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. बाबा वेढे मोजायला लागले की घरात कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम झाला. एकदा मी सवयीने "चहा टाकू का?" विचारलं आणि ते दोनशे त्रेचाळीसवर चुकले. सगळे वेढे काढून पुन्हा एकपासून सुरुवात. त्या दिवशी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला चहाच्या भांड्याला हात लावू दिला नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि मिक्सर घुमला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबांनी मात्र बटण बंद केलं.

"घरचे काय, कौतुक करणारच," ते म्हणाले. "परक्या माणसाने घेतला, कामाला लावला आणि तो टिकला, तर मी म्हणेन हात परत आला. नाहीतर नाही."

"मग परक्यालाच विकू," मी म्हटलं आणि तिथल्या तिथे जुन्या वस्तूंच्या अॅपवर फोटो टाकले.

दोन दिवसांत केकवाल्याचा मेसेज आला. स्वतःचं दुकान आहे, केक करतो, असं त्याने लिहिलं. मग प्रश्नांची सरबत्ती. मॉडेल कोणतं? कोणत्या सालचं? मोटर मूळचीच बसवलीय ना, की दुसऱ्या मापाची? मला वाटलं, किती चौकस माणूस! मी हौसेने मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून पाठवला. चपलांच्या काउंटरवर कुणी इतके प्रश्न विचारले असते तर मी भुवया उंचावल्या असत्या. पण घरी आले की माझी अक्कल चपलांबरोबर दाराबाहेरच राहते.

मिक्सर गेला. त्या अॅपची पद्धत अशी, की वस्तू पोचल्यावर सात दिवस पैसे अॅपकडेच राहतात आणि घेणाऱ्याची तक्रार नसेल तरच आपल्याला मिळतात. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काही कळवलं का त्याने?" पैशांचं नाव नाही. मी नाही म्हटलं की "म्हणजे चाललाय," असं स्वतःशीच म्हणून ते उजव्या हाताने वर्तमानपत्राची घडी घालायचे. सहाव्या दिवशी तर त्यांनी शेजारणीचा बिघडलेला टेबलफॅन आपणहून मागून आणला. आईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बघ, बघ.

सातव्या दिवशी तक्रार आली. 'मोटर जळाली. दुरुस्ती निकृष्ट. पूर्ण पैसे परत हवेत.' सोबत काळ्याठिक्कर पडलेल्या तारांचा अगदी जवळून काढलेला, अंधुक फोटो.

मी ते बाबांपासून लपवणार होते. पण माझा चेहरा म्हणजे दुकानाची काच, आतलं सगळं बाहेर दिसतं. बाबांनी फोन मागून घेतला, फोटो पाहिला आणि परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "हं" म्हणाले आणि टेबलफॅन शेजारणीला परत देऊन आले.

तीन दिवसांनी मिक्सर खोक्यातून परत आला. मिळाला असं मी अॅपवर कळवलं की पैसे केकवाल्याला जाणार होते. त्यासाठी दोन दिवसांची मुदत होती. मी कामावरून आले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते आणि समोर त्यांची हत्यारं ओळीने मांडलेली होती. पक्कड, कात्र्या, तार गुंडाळायचं हँडलचं यंत्र, लाकडी पट्ट्या. सगळं तेल लावून पुसलेलं.

"यांचे फोटो काढ," ते म्हणाले. "तुझ्या त्या अॅपवर टाक. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

"बाबा, एक मोटर जळाली म्हणून..."

"चाळीस वर्षांत माझी मोटर सात दिवसांत जळालेली नाही. हात गेला, सूनबाई. काढ फोटो."

नवरा म्हणाला, "जाऊ दे, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नकोस." मी फोटो काढले, पण मुद्दाम इतके वाईट काढले की त्यात पक्कड कुठली आणि माझा अंगठा कुठला ते देवालाही कळू नये. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या खोक्यावर राग काढायला बसले. म्हटलं, बघू तरी काय जळलंय ते! माझ्या सासऱ्यांना खाली मान घालायला लावणारी ती मोटर मला डोळ्यांनी बघायची होती. चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत काळ्या तारा, त्यांच्यावर बांधलेला पांढरा दोरा आणि जळका वास.

आई ओट्यापाशी होत्या. वास आला म्हणून वाकून बघायला आल्या आणि तिथेच थबकल्या.

"माझा दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"जांभळा! पलंगपोसाला कड घालायला आणलेला. यांचा पांढरा दोरा संपला तर यांनी माझी अख्खी गुंडी पळवली. सगळ्या तारा जांभळ्या दोऱ्याने बांधल्या. पलंगपोस अजून अर्धवट पडलाय माझा!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे. तारांचे पिळे सुटू नयेत म्हणून ते दोऱ्याने आवळून बांधतात, हे मला तीन आठवड्यांत कळलं होतं. दोरा जळून काळा होईल, तुटेल. पण जांभळ्याचा पांढरा कसा होईल?

"आई," मी म्हटलं, "तो दोरा जांभळा होता हे सिद्ध कसं करणार?"

आईंनी कमरेवर हात ठेवले. "सिद्ध काय करायचंय? मी त्याच दिवशी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. यांची चोरी सगळ्यांना कळू दे म्हणून."

आणि खरंच होता. तारीखवार. मोटर उघडी, तिच्यावर जांभळे टाके, मागे चोरी पकडली गेल्यासारखे हसणारे बाबा, आणि खाली आईंचं वाक्य: 'माझ्या दोऱ्याची काय दशा केलीय बघा.' त्यावर मावशींनी रडका चेहरा पाठवला होता. मी तो ग्रुप आवाज बंद करून ठेवलेला असतो. आजपासून मी त्या ग्रुपची आजन्म सेवा करायला तयार आहे.

मी ती मोटर सोडवून तशीच बाबांच्या पुढ्यात नेऊन आदळली. "ही तुमची आहे का बघा."

त्यांनी नाइलाजाने चष्मा लावला. मोटर फिरवली. एक तार नखाने उचलली. आणि मग मी वर्षभरात पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं.

"ही? ही माझी? अगं हे कुठल्या आंधळ्याचं काम आहे! वेढे बघ, गवताचा भारा बांधल्यासारखे! आणि हा दोरा कसा आवळलाय, शी! ही जळणार नाही तर काय करणार? माझ्या नावावर खपवली? हे? लाज नाही वाटली त्या माणसाला?"

इतके चिडले होते आणि तरी त्यांचं हसू ओठांत मावत नव्हतं. आई म्हणाल्या, "अहो, हळू, झटका येईल." बाबा म्हणाले, "येऊ दे!" आणि मग तेही हसले, आम्हीही.

सगळं लख्ख झालं. त्याच मॉडेलचा मिक्सर केकवाल्याकडे होता, मोटर जळालेला. त्याने आमची चांगली मोटर काढून आपल्या मिक्सरमध्ये बसवली, त्याची जळकी आमच्यात कोंबली आणि वर पैसेही परत मागितले. त्याच्या त्या चौकस प्रश्नांचा अर्थ मला आत्ता कळला. मी आईंचा फोटो अॅपवर आधी तक्रारीला जोडला आणि मग केकवाल्याला पाठवला. खाली एवढंच लिहिलं, 'जांभळा दोरा कुठे आहे?'

पाच मिनिटांत फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, जरा गैरसमज झालाय," केकवाला म्हणाला.

"कुणाचा? मोटरचा?"

"आमच्या पोराकडून अदलाबदल झाली असेल..."

"मोटर चार स्क्रू काढून, चार तारा सोडवून अदलाबदल होते काय आपोआप? दिवसभर माझ्यापुढे तुमच्यासारखे उभे असतात हो. अॅपवाले तुमचं खातं बंद करणार आहेत. आणि मी तेवढ्यावर थांबणार नाही, मी..."

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. मनात सगळं तयार होतं, दहा वर्षांचा सराव होता. पण बाबांनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला. उजव्या हाताने.

"मोटर मी भरलीय," ते म्हणाले. "कशी चाललीय?"

बिचाऱ्याची शिव्या खायची तयारी होती, या प्रश्नाची नव्हती.

"काका, मी तक्रार मागे घेतो. पैसे तुम्हालाच मिळतील. चुकलं माझं."

"ते सूनबाईशी बोला. मी विचारतोय मोटर कशी चाललीय. रोज किती तास?"

"आठ... नऊ तास."

"तापते का?"

"नाही."

"जड पीठ टाकल्यावर दबते?"

"नाही हो." आणि मग तो माणूस पहिल्यांदाच खरं बोलतोय असं मला वाटलं. "काका, नवी होती तेव्हासुद्धा माझी मोटर अशी चालली नव्हती. म्हणून तर..." तो थांबला.

"म्हणून तर चोरलीत," बाबांनी वाक्य पुरं केलं. अगदी प्रेमाने. "आत्ता चालू आहे का?"

"हो, केकचा घोळ फेटतोय."

"फोन तिच्याजवळ धरा."

फोनमध्ये खरखर झाली आणि मग आमच्या घरात तो आवाज आला. एकसारखा, भरीव, कुठेही न अडखळणारा. बाबांनी डोळे मिटले. नवरा दारात येऊन उभा राहिला. आई हातातला चमचा तसाच धरून ऐकत होत्या. मला इतका राग आलेला होता, पण त्या क्षणी त्या चोराच्या दुकानातला आवाज मला जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

"झालं का काका?" लांबून केकवाल्याचा आवाज आला. "घोळ जास्त फेटला गेला तर केक बसेल."

"बसू दे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "अजून दोन मिनिटं धरा."