दोन दिवस मजेत

“स्विमिंग कॉस्च्यूम चालत नाही म्हणे! म्हणजे काय, उघडंच जायचं?” मंजिरीवहिनी बांबूच्या पडद्यामागून ओरडल्या.

“उघडंच जायचं, वहिनी. दारावर चित्र काढून सांगितलंय.”

“अगं बाई! अन्वीनं हे आधी सांगितलं असतं तर मी आलेच नसते.”

आल्या असत्या. लेकीनं दिलेलं प्रेझेंट सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

मंजिरीवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांची साठी झाली म्हणून अन्वीनं सॉमरसेटमधल्या ह्या जपानी पद्धतीच्या इनमध्ये आम्हा दोघींचं शनिवार ते सोमवार बुकिंग केलं होतं. चटयांची खोली, जमिनीवर गाद्या, आणि मागे गरम पाण्याचा मोठा लाकडी हौद. पाणी जमिनीतूनच कोमट येतं, ते आणखी तापवून सोडतात. “काकू, तू जा ना आईबरोबर. तिला तुझा कंपनी खूप आवडतो,” अन्वी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी हो म्हटलं. त्या पोरीवर माझा राग नाही. राग आहे तो तिच्या आईवर, आणि तो अन्वीच्या पहिल्या वाढदिवसापासूनचा आहे.

हौदात उतरायच्या आधी बुटक्या लाकडी स्टुलावर बसून अंग लख्ख घासून घ्यायचं, हा तिथला नियम. आत दुसरं कोणी नव्हतं. वहिनी छोटा नॅपकिन पुढे धरून लाजत लाजत आल्या, बसल्या, आणि बसल्याबरोबर त्यांची लाज गेली.

“अलका, पाठ चोळ ग जरा. हॅरोला दिवाळीत चोळायचीस ना, तशी.”

चोळायचे खरी. आमचे नवरे, दोघे भाऊ, लंडनच्या हॅरो भागात एकाच घरात सहा वर्षं राहिले, तेव्हा थोरल्या जावेच्या पाठीला उटणं लावणं हे धाकटीचंच काम होतं. मी साबण लावला, हात फिरवला, आणि डाव्या खांद्याखाली, ब्राचा पट्टा जिथे घासतो तिथे, थांबले.

चिंचोक्याएवढा तीळ. एक बाजू काळी, एक तपकिरी, मधे निळसर झाक. कडा वेड्यावाकड्या.

रीडिंगच्या एका हॉस्पिटलात, स्किन क्लिनिकमध्ये, मी बावीस वर्षं नर्स होते. गेल्याच वर्षी रिटायर झाले. दिवसाला वीस-वीस पाठी बघितल्यात. पक्कं निदान तुकडा काढून तपासल्यावरच होतं, पण असा तीळ दिसला की आम्ही त्या पेशंटला नुसतं घरी पाठवत नसू. वहिनींना तो दिसणं शक्यच नव्हतं. आणि उदयभाऊजींना चष्मा लावूनही समोरची बायको दिसत नाही.

“काय ग, थांबलीस का?”

“काही नाही. साबण निसटला.”

मी पाठीवर पाणी ओतलं. सांगितलं नाही.

दुष्ट वाटेन मी तुम्हाला. वाटू दे. आधी पुढचं ऐका.

अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. शनिवार. अन्वीचा पहिला वाढदिवस, साठ माणसं जेवायला. मी सकाळपासून बटाटेवडे तळत होते. फोन बाहेरच्या पॅसेजमध्ये. कऱ्हाडहून माझ्या दादाचा फोन आला. बाबांचं काही खरं नव्हतं. अलकाशी एकदा बोलायचंय म्हणून त्यांनी हट्ट धरला होता, दादानं वायर ताणून फोन पलंगापर्यंत नेला होता, रिसीव्हर बाबांच्या कानाशी होता. फोन वहिनींनी उचलला. म्हणाल्या, “ती कामात आहे, करेल नंतर.” आणि ठेवला.

फोन आल्याचं मला सांगितलं सोमवारी सकाळी, चहा पिता पिता. बाबा रविवारी गेले होते. मी किंचाळले, तर त्यांनी माझा हात धरला आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, “म्हटलं, दोन दिवस तरी मजेत जाऊ देत तुझे.”

दादा अजून मला टोमणा मारतो, “वड्यांतून वेळ नव्हता तुला.” सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात राहू दे. माझा नवरा गिरीश म्हणाला, जाऊ दे ना, वहिनींचा हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी जाऊ दिलं. मी नाही दिलं. सत्तावीस वर्षं त्यांच्या घरी श्रीखंड खाल्लं, त्यांच्या ऑपरेशनला बेसिंगस्टोकला आठवडाभर राहिले, पण ते वाक्य मी सोडलं नाही.

म्हणून त्या स्टुलामागे उभं राहून मी ठरवलं. सोमवारी सकाळी सांगायचं. बरोबर दोन दिवस, आणि त्याच वाक्यानं. दोन दिवसांत त्या तिळाचं काही बिघडणार नव्हतं, एवढी नर्स माझ्यात शिल्लक होती. सोमवारी सांगितलं काय नि आज सांगितलं काय, जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, फोन लागणार तो सोमवारीच. माझ्या बाबांचं मात्र दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं. मला एवढंच हवं होतं, की ते वाक्य ऐकून ह्या बाईचा चेहरा उतरावा, आणि एकदा, फक्त एकदा, तिनं म्हणावं, चुकलं माझं.

संध्याकाळी इनच्या मालकीणबाईंनी, हारुकोबाईंनी, खोलीतच जेवण मांडलं. इवल्या इवल्या वाट्या, प्रत्येकीत दोन घास. गुडघ्यांवर बसून त्या वाढत होत्या. वहिनी निळ्या सुती झग्यात ऐसपैस बसलेल्या, गाल लाल, एकदम खूश.

“माय सिस्टर-इन-लॉ इज अ ग्रेट कुक,” त्यांनी हारुकोबाईंना सांगितलं. “माय डॉटर्स फर्स्ट बर्थडे, शी मेड टू हंड्रेड वडाज! डिडन्ट लीव्ह द किचन फॉर वन मिनिट!” मग माझ्याकडे वळून, “आठवतं ना ग? काय वडे झाले होते!”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता चपापेल, मग चपापेल. कसलं काय! बाई लोणचं चावत होती.

“आठवतं, वहिनी. सगळं आठवतं.”

रविवार मला जड गेला, खोटं कशाला बोलू. सकाळी पुन्हा हौद, पुन्हा “पाठ चोळ ग.” तो तीळ माझ्याकडे बघत होता. हात आपोआप मोजायला लागला, सवयच ती. बारा मिलिमीटर तरी असेल. दुपारी आम्ही बागेत बसलो होतो, वहिनी म्हणाल्या, “पुढच्या वर्षी खरं जपान करू हं. तू नि मी. नवरे नकोत.” आणि खदखदून हसल्या. पुढच्या वर्षी. माझ्या ओठांवर आलं, वहिनी, तुमच्या पाठीवर...

“वहिनी, एक सांगायचं होतं.”

“सीरियस आहे का? तुझं तोंड कालपासून बघतेय मी. सीरियस असेल तर नंतर सांग बाई. माझा मूड नको घालवूस.”

मी तोंड मिटलं. बरं, नंतर सांगते.

सोमवारी सकाळी टॅक्सी यायची होती. दारातल्या लाकडी पायरीवर आमचे बूट हारुकोबाईंनी बाहेरच्या दिशेनं तोंड करून नीट मांडून ठेवले होते. वहिनी पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं. तिळाबद्दल, रंगाबद्दल, कडांबद्दल. आजच जीपीला फोन करा, “अर्जंट” म्हणा, ते दोन आठवड्यांत हॉस्पिटलला पाठवतील. क्लिनिकमध्ये सांगायचे तसंच, आवाज न चढवता.

त्यांचा हात मागे पाठीकडे गेला. पोचला नाही.

“कॅन्सर?”

“असू शकतो. वेळेत काढला तर बरा होतो. तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.”

“तुला कधी दिसला?”

“शनिवारी.”

“शनिवारी? मग आज सांगतेस?”

सत्तावीस वर्षं घोटलेलं वाक्य. मी त्यांचा हात धरला, जसा त्यांनी धरला होता तसाच.

“म्हटलं, दोन दिवस तरी मजेत जाऊ देत तुमचे.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला.

“किती ग विचार करतेस माझा! दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे बोलून मोकळी झाली असती.”

मला वाटलं, थोबाडीत मारावी. कुणाच्या ते कळेना.

“वहिनी,” मी म्हटलं, “अन्वीच्या वाढदिवसाला कऱ्हाडहून दादाचा फोन आला होता. तुम्ही घेतला होता.”

“कुठला फोन ग?”

नाटक नव्हतं. मी पाठींसारखे चेहरेही पुष्कळ बघितलेत. घाबरलेली, साठ वर्षांची बाई होती, आणि तिला खरंच काही आठवत नव्हतं.

“उदयला इतक्यात नको सांगूस. ॲपॉइंटमेंटला तूच चल माझ्याबरोबर. येशील ना?”

“येईन,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

टॅक्सीचा हॉर्न वाजला. वहिनींनी बूट पायांत सरकवले, पण लेस हातात टिकेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. मी पायरीवरून खाली उतरले, त्यांच्या पायाशी बसले आणि लेस बांधायला घेतली. ओढून ओढून पक्की गाठ मारली.

“घट्ट होतंय ग, अलका. जरा सैल कर.”

मी दुसरा बूट घेतला. तोही तसाच घट्ट बांधला.