माळावरचा वर्ग

त्या हिवाळ्यात शुक्रवार पेठेत मेलेले उंदीर सापडायला लागले आणि बघता बघता गल्ल्या ओस पडल्या. १९२५ साल होतं. प्लेग आला की गाडीत भांडीकुंडी घालायची आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचं, हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. भुसार व्यापारी शिवलिंगप्पांनीही होटगी रस्त्याच्या आपल्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या ठोकल्या. बरोबर बायको बसव्वा, मुलगा कल्लप्पा आणि सून चंद्रव्वा.

चंद्रव्वाचं तान्हं बाळ दोन वर्षांपूर्वी तापानं गेलं होतं. तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं. विचारलं तर व्हय-न्हाय, तेवढंच. कल्लप्पानं वैद्य केले, नवस केले. बसव्वाच्या तोंडाला अख्खी पेठ भ्यायची, पण सुनेपुढे तिलाही शब्द सापडत नसे.

त्यांतल्याच शेजारच्या एका झोपडीत विजयमालाबाई राहायला आल्या. त्या मूळच्या पंढरपूरच्या, पुण्याच्या महिला विद्यापीठात शिकून पदवी घेतलेल्या. सोलापुरात मोठ्या बायकांसाठी वर्ग काढायचा त्यांचा हट्ट होता. पण लग्न झालेल्या सुनांना शिकवायला बसणाऱ्या बाईला पेठेत कुणी खोली देईना. माळावर कुणाला विचारायचं? त्यांनी झोपडीपुढे घोंगडं अंथरलं, बाभळीला फळा टेकवला आणि आजूबाजूच्या बायकांना हाका मारल्या. दुपारी कामं उरकलेलीच असत. बायका आल्या, लेकरं घेऊन आल्या.

चंद्रव्वा लांब, चुलीपाशी बसून ऐकायची. एक दिवस बाईंनी फळ्यावर सोलापूरच्या आसपासच्या मुलखाचा नकाशा काढला. "ही भीमा, ही सीना. आता जिनं तिनं आपलं माहेर दाखवायचं."

बायका हसत, लाजत एकेक ठिपका काढू लागल्या. चंद्रव्वा उठली. सगळ्यांच्या मधून वाट काढत फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि अक्कलकोटच्या जागी ठिपका काढला.

"हितं माझं माहेर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "माझं बाळ बी हितंच हाय. वडलांच्या शेतात."

बाईंनी हळूच विचारलं, "काय नाव ठेवलं होतं?"

"संगप्पा."

एवढं बोलली आणि तिथेच मटकन बसून रडली. बसव्वा धावत आली, पण तिला उठवलं नाही. शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रव्वा घोंगड्याच्या पुढच्या कडेला बसू लागली.

संक्रांत झाली, प्लेग ओसरला. माणसं पेठेत परतू लागली. शिवलिंगप्पा तट्टे उतरवायला गाडी घेऊन आले, तेव्हा बसव्वा आडवी उभी राहिली.

"बाईंच्या शाळेच्या झोपडीला हात लावू नका."

"आता काय शाळा? पेठेतनं इतक्या लांब रोज कोण येणार हाय?"

"आमी येणार."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. दोन वर्षं पोरगी घरात मुकी हुती. काल हिशोब चुकला म्हणून माझ्याशी भांडली. लई बरं वाटलं की मला! ती परत गप्प झाली, तर तुमी बोलतं करणार हाय का तिला?"

शिवलिंगप्पा बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग गाडीवाल्याला म्हणाले, "ती एक झोपडी सोड."

पुढे रोज दुपारी पेठेतून बायकांचा घोळका निघे. पहिल्या दिवशी चौकात कुणीतरी खाकरलं, कुणी शीळ घातली. बसव्वा थांबली. त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि त्या बापानं तरुणपणी काय उद्योग केले होते, ते तिनं खणखणीत आवाजात चौकाला सांगितलं. पुन्हा कुणी शीळ घातली नाही.

तीन वर्षांनी महिला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला चंद्रव्वा बसली आणि नापास झाली. घरात कानडी बोलणाऱ्या पोरीला मराठी व्याकरण नडलं. "मला न्हाय जमायचं, अत्ती," ती सासूला म्हणाली. बसव्वानं काही समजूत घातली नाही. दुपारी नेहमीसारख्या दोघींच्या चपला दारात मांडल्या आणि म्हणाली, "चल." पुढच्या वर्षी ती पास झाली. कल्लप्पानं दुकानात पेढे वाटले आणि आपणच जाऊन तिला पुण्याच्या कॉलेजच्या वसतिगृहात सोडून आला. परत निघताना तो म्हणाला, "तिकडं बी भांड, पण सुट्टीत ये."

ती पदवी घेऊन परतली, तोवर माळावर झोपडीच्या जागी दगडी खोल्या उभ्या राहत होत्या. जमीन शिवलिंगप्पांनी दिली होती, दगड गावातल्या बायकांच्या वर्गणीतून आला होता. १९३४ च्या जूनमध्ये महिला विद्यापीठाला जोडलेला कॉलेजचा पहिला वर्ग तिथे भरला. होटगीच्या एका रेल्वे कामगाराची मुलगी, दोन विणकरांच्या सुना आणि एक शाळामास्तरीण अशा त्या विद्यार्थिनी. शिकवायला विजयमालाबाई आणि चंद्रव्वा.

शिवलिंगप्पा नवा फेटा बांधून बघायला आले. फाटकात स्टुलावर बसव्वा बसली होती.

"आत पुरुषांना मनाई हाय," ती म्हणाली.

"अगं, जमीन माझी हाय की!"

"हुती. दिली न्हवं?"

म्हातारा हसला आणि फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसला. आतून चंद्रव्वाचा आवाज येत होता, भरभर, न थांबता. शब्द कळत नव्हते, तरी तास संपेपर्यंत तो ऐकत राहिला.